‘पथेर पांचाली’ आणि झाकली मूठ

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपल्याकडे म्हणतात. घरी पाहुणा यायचा असला म्हणजे फाटकी गोधडी माळ्यावर जाते, पोचे आलेले भांडे फडताळात मागे सरते आणि शेजारच्या घरून चार कपबशा मागून आणल्या जातात. यात घरची बाई खोटेपणा करते असे आपण कधी म्हणत नाही. तो तिच्या अब्रूचा प्रश्न असतो, आणि गरिबाजवळ पुष्कळदा तेवढी एकच ठेव शिल्लक असते. परंतु एका घराने पाळलेली ही रीत साऱ्या देशाने पाळावी काय? देशाने आपले दारिद्र्य जगापासून झाकावे की त्याच्यापुढे उघडे करावे? आणि उघडे करायचे तर ते कोणी, कसे आणि कोणासमोर? एका बंगाली चित्रपटाने हा प्रश्न सत्तर वर्षांपूर्वी आपल्यापुढे उभा केला, आणि तो अजून मिटलेला नाही.

इतिहासाच्या व्याख्यानात चित्रपटाचा विषय यावा याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. लढाया, तह आणि राज्यकारभार यांच्या पंक्तीत पडद्यावरच्या सावल्यांना पाट कशाला मांडावा, असे ते विचारतील. आमचे उत्तर एवढेच की, एखादा देश स्वतःकडे कसा पाहतो आणि दुसऱ्यांनी आपल्याकडे कसे पाहावे असे त्याला वाटते, हाही त्या देशाच्या इतिहासाचाच भाग असतो. ‘पथेर पांचाली’ या चित्रपटावर झालेला वाद हा त्या इतिहासातला एक बोलका कागद आहे.

प्रथम हकिकत सांगू. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची ‘पथेर पांचाली’ ही कादंबरी १९२९ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. पांचाली म्हणजे बंगालमध्ये गायिले जाणारे कथागीत. तेव्हा वाटेचे कथागीत, असा त्या नावाचा अर्थ. सत्यजित राय हे कलकत्त्याच्या एका जाहिरात-कंपनीत चित्रकार होते. या कादंबरीच्या मुलांसाठी केलेल्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रे काढण्याचे काम त्यांच्याकडे आले, आणि तेव्हापासून तिने त्यांच्या मनात घर केले. १९५० मध्ये कचेरीने त्यांना लंडनला पाठविले. तेथे त्यांनी व्हित्तोरिओ दे सिका या इटालियन दिग्दर्शकाचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ हा १९४८ सालचा चित्रपट पाहिला. महायुद्धानंतरच्या रोममध्ये एका कामगाराची सायकल चोरीस जाते. सायकल नाही तर नोकरी नाही. बाप आणि त्याचा लहानगा मुलगा ती शोधीत शहरभर हिंडतात, एवढीच त्याची कथा. त्यात नामांकित नट नव्हते, उभारलेले महाल नव्हते. रस्ते खरे होते आणि त्यांवरची माणसेही साधीसुधी होती. आपली कादंबरी अशाच रीतीने पडद्यावर आणता येईल, हा राय यांचा निश्चय तेथे पक्का झाला.

निश्चय पक्का झाला, तरी पैसा नव्हता. २७ ऑक्टोबर १९५२ रोजी चित्रणास आरंभ झाला. फुललेल्या काशाच्या गवतातून अपू आणि दुर्गा ही भावंडे आगगाडी पाहायला धावतात, तो प्रसंग घ्यायचा होता. एका दिवसात काम पुरे झाले नाही. पुढच्या आठवड्यात मंडळी परत जाऊन पाहतात, तो गुरांनी सारी फुले खाऊन टाकलेली! मग पुढल्या शरदाची वाट पाहणे आले. छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी त्यापूर्वी चित्रपटाचा कॅमेरा कधी चालविला नव्हता. राय यांनी विम्यावर पैसे उचलले, पत्नीचे दागिने गहाण टाकले, तरी काम महिनोन्‌महिने बंद पडे. शेवटी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र राय यांच्या सरकारने पैसा दिला. नावात ‘पथ’ आहे म्हणून ही रक्कम रस्तेसुधारणेच्या खात्यातून काढली गेली, असे सांगतात. कथेचा शेवट फार उदास आहे. कुटुंबाने गाव सोडण्याऐवजी तेथेच राहून ग्रामविकासाच्या कामास लागावे, असे दाखवा, अशी सूचनाही सरकारी बाजूने झाली. राय यांनी ती मानली नाही. पुढच्या साऱ्या वादाचे बीज या लहानशा सूचनेतच आहे, हे श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे.

आता या चित्रपटातले दारिद्र्य कसले आहे ते पाहू. १९४३ च्या दुष्काळात बंगालमध्ये सुमारे तीस लाख माणसे मेली असा अंदाज आहे. कलकत्त्याच्या रस्त्यांवर भुकेने मरणारी माणसे ज्या पिढीने डोळ्यांनी पाहिली, त्याच पिढीचे राय. अंगावर काटा आणणारी दृश्येच दाखवायची असती, तर सामग्री हाताशी होती. परंतु त्यांनी येथे दुष्काळ निवडला नाही. त्यावर पुढे १९७३ मध्ये त्यांनी ‘अशनि संकेत’ हा निराळा चित्रपट केला. ‘पथेर पांचाली’तले दारिद्र्य दुष्काळाचे नव्हे, रोजचे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीचे निश्चिंदीपूर हे खेडे. त्यातले हरिहर या भटजीचे घर. हा पोथ्या वाचतो, पूजा सांगतो, नाटके लिहिण्याची स्वप्ने पाहतो. आणि थकलेला पगार मागण्याची मात्र त्याला भीड पडते. भावाच्या कर्जापोटी घरची बाग शेजारच्या भाऊबंदांकडे गेलेली. जी पेरूची झाडे कालपर्यंत आपली होती, त्यांचा पेरू आज दुर्गेने तोडला तर ती चोरी ठरते. घराच्या भिंती पडत आहेत, आणि दुरुस्ती पुढल्या महिन्यावर ढकलली जात आहे.

इतिहासाच्या अभ्यासकाला यात ओळखीच्या खुणा सापडतील. १७९३ च्या कायमधाऱ्याने बंगालची जमीन जमीनदारांच्या हाती गेली. पुढे जमीनदार आणि शिकलेसवरलेले लोक कलकत्त्याकडे ओढले गेले. विद्या आणि पौरोहित्य यांवर जगणाऱ्यांना खेड्यात पूर्वीचा आश्रय उरला नाही, आणि शहरात नवा मिळेलच याची शाश्वती नव्हती. हे सर्वांत खालच्या थरातले दारिद्र्य नव्हे, हेही सांगितले पाहिजे. ज्याच्या मालकीची बाग कधीच नव्हती, अशा भूमिहीनाची कथा याहून कठोर झाली असती. येथे दिसते ती एका उतरत्या घराची ओढाताण. म्हणूनच तीत अब्रूची काळजी पावलोपावली आहे.

दारिद्र्य माणसाला थोर करते, ही भाबडी समजूत या चित्रपटात कोठेही नाही. हरिहरची पत्नी सर्वजया ही सोशिक खरी, पण घासाघासाचा हिशेब करता करता तिचे मन कडू झाले आहे. म्हातारी इंदिर ठाकरुण ही दूरची नणंद; स्वयंपाकघरातून ती चिमूटभर काही उचलते तेही सर्वजयेला खपत नाही. अखेर ती म्हातारीला घराबाहेर काढते, आणि म्हातारी बांबूच्या बनात एकटी मरते. पुढे पावसात भिजून दुर्गेला ताप भरतो आणि वादळाच्या रात्री तीही जाते. पैसा मिळवायला गेलेला बाप परततो तो मुलीसाठी साडी घेऊन. ती साडी हाती पडताच सर्वजया हंबरडा फोडते; पण आपल्याला तिचा आवाज ऐकू येत नाही, तारशहनाईचा सूर ऐकू येतो. आईच्या शोकाचा तमाशा होऊ नये, एवढी मर्यादा तेथे पाळली आहे.

आणि याच चित्रपटात किती आनंद आहे! मिठाईवाल्याच्या कावडीमागे धावणारी मुले, त्यांच्यामागे धावणारे कुत्रे आणि पाण्यात उलटे पडलेले त्या वरातीचे प्रतिबिंब. गावात आलेली जात्रामंडळी. तळ्याच्या पाण्यावर नाचणारे किडे. पहिल्यांदा दिसलेली आगगाडी. हातात पैसा नसला म्हणजे माणसाचे कुतूहलही संपते, असे नाही. गरीब हा चोवीस तास नुसता गरीबच नसतो. तो भाऊ असतो, बहीण असते, चहाड असतो, स्वप्नाळू असतो. हे ज्याने पाहिले त्याने दारिद्र्य पुरते पाहिले.

मे १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात हा चित्रपट प्रथम दाखविला गेला; २६ ऑगस्ट १९५५ रोजी तो कलकत्त्यात लागला. त्या वर्षीच्या उत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक त्याला मिळाले. परदेशांतील महोत्सवात तो पाठवावा की नाही, याबद्दल सरकारी वर्तुळात कुरकुर होती. अशाने देशाची शोभा होईल, असे काहींचे म्हणणे पडले. परंतु पंडित नेहरूंनी चित्रपट पाहून तो पाठविण्यास संमती दिली. १९५६ मध्ये फ्रान्समधील कान येथे उत्कृष्ट मानवी दस्तऐवज म्हणून त्याचा गौरव झाला.

पंचवीस वर्षांनी तीच कुरकुर पुन्हा मोठ्याने झाली. १९८० मध्ये राज्यसभेवर नियुक्त झालेल्या अभिनेत्री नर्गिस यांनी एका मुलाखतीत सत्यजित राय यांच्यावर ठपका ठेवला. परदेशी लोकांना भारताचे दारिद्र्य पाहायला आवडते आणि राय तेच बाहेर पाठवितात. नवा भारत, त्याची धरणे त्यांनी का दाखवू नयेत, असा त्यांचा रोख होता. यावर बरीच टीका झाली, थट्टाही झाली. आम्हांस थट्टा योग्य वाटत नाही. हा आक्षेप मूर्खपणाचा नाही. त्याला इतिहास आहे.

तो इतिहास असा. १९२७ मध्ये कॅथरिन मेयो या अमेरिकन बाईंनी ‘मदर इंडिया’ नावाचे पुस्तक लिहिले. आपल्याकडचा रोग, घाण, बालविवाह यांचा पाढा वाचून हे लोक स्वराज्यास अपात्र आहेत असा निष्कर्ष वाचकाच्या गळी उतरविण्याची त्यात खटपट होती. गांधीजींनी त्या पुस्तकास गटार-तपासनिसाच्या अहवालाची उपमा दिली, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच लेखात त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती आपण विसरतो. हे पुस्तक इंग्रज-अमेरिकनांपुढे ठेवण्यासारखे नाही, परंतु प्रत्येक भारतीयाने वाचले तर त्याचा थोडाफार लाभच होईल, असा त्यांचा अभिप्राय होता. म्हणजे तेच वर्णन एकाच्या हाती विष आणि दुसऱ्याच्या हाती औषध! पाहणारा कोण, यावर सारे अवलंबून. ज्यांच्या दारिद्र्याचा पुरावा करून त्यांनाच गुलाम ठेवण्याचे समर्थन केले गेले, त्यांना दारिद्र्याच्या प्रत्येक चित्राचा धसका बसावा यात आश्चर्य नाही. १९५७ मध्ये मेहबूब खान यांनी आपल्या चित्रपटाला ‘मदर इंडिया’ हेच नाव दिले, ते या जुन्या अपमानाला उत्तर म्हणूनच. आणि त्यात आईची भूमिका नर्गिस यांनीच केली होती.

गंमत अशी की, त्या ‘मदर इंडिया’तही दारिद्र्य काही थोडे नाही. सावकाराचे पाचशे रुपयांचे कर्ज, पूर, अन्नावाचून तडफडणारी मुले, जू स्वतःच्या खांद्यावर घेऊन शेत नांगरणारी आई, सर्व काही आहे. पण चित्रपट सुरू होतो तो नव्या कालव्याच्या उद्‌घाटनाने. दुःख झाले ते मागे पडले, पुढे पाणी आहे, असे आश्वासन त्याने प्रेक्षकाला आधीच देऊन ठेवले आहे. ‘पथेर पांचाली’ असे आश्वासन देत नाही. तेथे बैलगाडी निघते, आणि ओस पडलेल्या घरात साप शिरतो. तेव्हा खरी हरकत दारिद्र्य दाखविण्याला नव्हती. ते दिलाशावाचून दाखविण्याला होती.

हा धसका केवळ जुन्या गुलामांनाच असतो असेही नाही. इटलीत १९४९ च्या कायद्याने, देशाचे विपरीत चित्र उभे करणाऱ्या चित्रपटांची निर्यात अडविण्याचा अधिकार सरकारने आपल्या हाती घेतला. १९५२ मध्ये दे सिका यांनी पेन्शनीवर जगणाऱ्या एका म्हाताऱ्याची कथा ‘उंबेर्तो डी’ या चित्रपटात मांडली, तेव्हा ज्युलिओ आंद्रेओत्ती या मंत्र्याने जाहीर पत्र लिहून, या दिग्दर्शकाने मायदेशाची वाईट सेवा केली असा ठपका ठेवला. घरची लक्तरे वेशीवर टांगू नयेत, हे बोल इटलीतल्या मंत्र्याचेही होते आणि आपल्याकडच्या अधिकाऱ्यांचेही. आज त्या काळची इटली जगाला आठवते ती मंत्र्याच्या पत्रामुळे नव्हे, दे सिका यांच्या चित्रपटांमुळे.

आपल्या महाराष्ट्राकडे वळू. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक १९५४ मध्ये मिळाले ते आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ या मराठी चित्रपटाला. साने गुरुजींच्या ज्या पुस्तकावर तो आधारलेला आहे, त्यात तरी दुसरे काय आहे? कोकणातले एक उतरते घर, डोक्यावर कर्ज, वसुलीसाठी दारात येऊन बसणारा सावकाराचा माणूस, आणि या साऱ्यात मुलाला ताठ मानेने वाढविणारी आई. ते पाहून महाराष्ट्र रडला. देशाची बेअब्रू झाली असे कोणी म्हटले नाही. का? कारण तेव्हा पाहणारे आपणच होतो. निश्चिंदीपूरच्या दुर्गेचे आणि कोकणातल्या श्यामचे दारिद्र्य एकाच जातीचे. फरक पडला तो समोरच्या खुर्च्यांवर कोण बसले आहे याचा.

पण परक्यांपुढे दारिद्र्य मांडणे हे तरी सदैव लाजिरवाणे आहे काय? दादाभाई नौरोजींनी १८७६ मध्ये भारताच्या दारिद्र्यावर मुंबईत निबंध वाचला. माणशी वर्षाचे उत्पन्न अवघे वीस रुपये, असा हिशेब त्यांनी मांडला, आणि तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्रावर होणाऱ्या खर्चाशी त्याची तुलना करून दाखविली. तोच विषय त्यांनी हयातभर लंडनमध्ये, राज्यकर्त्यांच्या दारात उभे राहून लावून धरला, आणि १९०१ मध्ये त्यावरचा ग्रंथही तेथेच प्रसिद्ध केला. दादाभाईंनी भारताचे दारिद्र्य परदेशी नेले असे म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे. पण त्यामुळे भारताची मान खाली गेली नाही. ज्याने ती खाली घालायला हवी होती, त्याला जाब विचारला गेला. मेयोबाईंचे पुस्तक आणि दादाभाईंचा ग्रंथ यांचा विषय पुष्कळ अंशी एकच; हेतू मात्र उलट.

यावरून आम्हांस एक कसोटी सुचते. दारिद्र्याच्या चित्रात गरीब माणूस पुरता माणूस राहतो की नुसता देखावा होतो? चित्र पाहून उठताना आपण त्याला नावाने ओळखतो की ‘तिकडचे लोक’ एवढेच लक्षात राहते?

अलीकडचे उदाहरण घेऊ. डॅनी बॉइल या ब्रिटिश दिग्दर्शकाच्या, मुंबईत चित्रित झालेल्या ‘स्लमडॉग मिल्यनेअर’ या २००८ सालच्या चित्रपटाला पुढच्या वर्षी आठ ऑस्कर पारितोषिके मिळाली. त्याच्या नावावरून मुंबईत निषेधही झाला. चित्रपट वेगवान आहे, त्यातली मुले गोड आहेत, आणि भीक मागायला लावण्यासाठी मुलांचे डोळे फोडणाऱ्यांची क्रूरता त्याने लपविली नाही, हे मान्य करू. पण आमच्या कसोटीला तो पुरता उतरत नाही. धारावी आपल्याला ठाऊक आहे ती चामड्याच्या कारखान्यांची, कुंभारवाड्यातल्या भट्ट्यांची, टाकाऊ मालातून नवा माल करणाऱ्या हजारो हातांची. हे काम त्या चित्रपटात जवळजवळ दिसत नाही. दिसतो तो उकिरडा, मारामारी आणि शेवटी दोन कोटींचे बक्षीस. जेथे श्रम दिसत नाहीत, तेथे दारिद्र्याचे कारणही दिसत नाही. आणि कारण दिसले नाही म्हणजे सुटकेसाठी नशिबाची सोडत तेवढी उरते. हरिहरच्या घरात अशी सोडत नाही. तेथे थकलेला पगार आहे, गेलेली बाग आहे आणि न शाकारलेले छप्पर आहे. ज्याला जाब विचारायचा त्याने तो कोठे विचारावा, हे तेथे कळते.

राय यांनी दारिद्र्याचा व्यापार केला, हा आरोप त्यांच्या एकूण कामापुढेही टिकत नाही. ‘जलसाघर’ हा बुडत्या जमीनदाराचा, ‘चारुलता’ हा सुखवस्तू घरातल्या एकाकी पत्नीचा. कितीतरी चित्रपट मध्यमवर्गाचे. दारिद्र्य हा त्यांचा माल नव्हता, माणूस हा विषय होता.

एक हकिकत सांगून आवरतो. १९९३ मध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेला आग लागून ‘पथेर पांचाली’ची मूळ निगेटिव्ह होरपळली. अमेरिकेतल्या संस्थांनी ती जळकी रिळे जपून ठेवली, आणि इटलीतल्या बोलोन्या शहरात कारागिरांनी हाताने एकेक तुकडा सांधून २०१५ पर्यंत चित्रपट पुन्हा उभा केला. ज्या परक्यांच्या नजरेची आपण धास्ती घेतली, त्यांच्यातच ते घर जपण्यासारखे मानणारेही निघाले.

झाकली मूठ सव्वा लाखाची हे खरे. पण ती जन्मभर झाकून ठेवणाऱ्याला त्या हाताने काम करता येत नाही. सर्वजयेने आपली उपासमार शेजारणीपासून झाकली, हा तिचा अधिकार होता. तिच्या देशाने ती झाकावी, हा मात्र देशाचा अधिकार नव्हे. कारण झाकल्याने अब्रू राहते ती देशाची, आणि उपास घडतो तो तिला. परदेशी माणसाने ‘पथेर पांचाली’ पाहून काय म्हटले याची चिंता आपण पुष्कळ केली. तो पाहून आपण काय केले, हे विचारण्याची पाळी आपली आहे.